टाक्या स्वच्छ होत्या

या सगळ्या खटाटोपातून साबणबाईला मिळवायचं होतं ते फक्त तीन शब्दांचं एक वाक्य: टाक्या स्वच्छ होत्या. ते कागदावर यायला हवं होतं, खाली सही-शिक्का हवा होता, आणि ते उमटताना साहेबांचं नाक चारचौघांत कापलं जायला हवं होतं. साहेबांना मिळवायचं होतं ते कितीतरी जास्त. निवृत्तीनंतर प्लेटिंगच्या, म्हणजे पत्र्यांवर धातूचा मुलामा चढवायच्या कारखान्यात सल्लागाराची खुर्ची, वर्तमानपत्रात फोटो, नव्या इमारतीतल्या एका दालनावर स्वतःचं नाव. दोघांच्या मागण्या शेजारी ठेवल्या तर बाईची अगदीच किरकोळ दिसत होती. म्हणून तर ती कुणाच्या लक्षात आली नाही.

"बाई, मोजा," साहेब म्हणाले.

शहाण्णवावा तास भरला होता. पाण्यातल्या विषाची चाचणी चार दिवस चालते, आणि चार दिवसांच्या शेवटी कुणीतरी टाकीपाशी उभं राहून जिवंत किती आणि मेलेले किती हे मोठ्याने सांगावं लागतं. चोवीस वर्षं या प्रयोगशाळेत ते काम बाई करत होती. आज मागे कारखान्याचे मालक उभे होते, त्यांचे दोन मॅनेजर होते, आणि एक फोटोवाला होता. बाईने पदर कमरेला खोचला आणि पहिल्या टाकीच्या काचेवर बोट ठेवलं.

"एक ते तीन, साधं पाणी. तीस ठेवले, तीस आहेत. चार ते सहा, पाणी आणि पावडर. तीस ठेवले, तीस आहेत." सातव्या टाकीपाशी ती किंचित थांबली. तिथे मोजायला फार उरलं नव्हतं. "सात ते नऊ, नुसतं कॅडमियम. तीस ठेवले, नऊ आहेत."

"आणि दहा ते बारा?" साहेबांनी विचारलं. ते मालकांकडे बघत होते.

"कॅडमियम आणि पावडर. तीस ठेवले." बाईने दोनदा मोजले. दोनदा मोजायची तिची पद्धतच होती, पण मालक मान पुढे काढून बघतायत हे पाहून तिला जरा मजाही वाटली. "तीस आहेत."

मालकांनी टाळी वाजवली. मग मॅनेजरांनी वाजवली. फोटोवाल्याला कुणाचा फोटो काढायचा ते कळेना म्हणून त्याने माशांचा काढला.

साहेबांनी पाहुण्यांना पावडर समजावून सांगितली. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा तिचा कण. डोळ्याला दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही नीट दिसत नाही. पण कणाच्या अंगावर कॅडमियमसारखा धातू असा चिकटून बसतो, जशा चुंबकाला टाचण्या. पाण्यात मोकळा फिरणारा धातू माशाच्या कल्ल्यांत शिरून त्याचा जीव घेतो. पावडरीने धरलेला धातू कुठेही शिरत नाही, तो गुपचूप तळाशी बसतो.

"म्हणजे विष गेलं?" मालकांनी विचारलं.

"विष बांधलं गेलं," साहेब म्हणाले. मालकांना तेवढं पुरलं.

मग साहेबांनी बाईकडे वळून जरा हसत, पाहुण्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "या वेळी साबण नव्हता ना हो बाई?"

पाहुणे का हसायचं ते न कळता हसले. बाईही हसली. अकरा वर्षं ती या विनोदाला हसत आली होती. हसली नसती तर त्यांनी तो केव्हाच सोडून दिला असता, आणि तिला तो विसरला जायला नको होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. याच कारखान्याच्या प्लेटिंगच्या शेडमध्ये बाईचा नवरा कामाला होता. हौदांत पत्रे बुडवायचे, काढायचे, पाण्याने धुवायचे, ते पाणी नाल्यात. त्याची मूत्रपिंडं गेली. त्याच्यासारखे आणखी सहा जण निघाले, कामगारांनी तक्रार केली, आणि नाल्याचं पाणी तपासायला प्रयोगशाळेत आलं. तेव्हा साहेब नुसते साहेब होते, मोठे साहेब नव्हते. बाईने नाल्याच्या पाण्यात दहा मासे सोडले, शेजारी साध्या पाण्यात दहा. चौथ्या दिवशी नाल्याच्या पाण्यातले सात मेले होते. साध्या पाण्यातले दहाच्या दहा पोहत होते. तिने नोंदवहीत लिहिलं, सही केली, आणि त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की आता कागद बोलेल.

कागद बोलला. अहवालात साहेबांनी लिहिलं होतं: प्रयोगशाळा परिचराने टाक्या नीट न धुतल्यामुळे साबणाचा अंश राहिला, सबब चाचणी ग्राह्य धरू नये.

बाई टाक्यांना साबण लावतच नसे. आम्लात रात्रभर बुडवायच्या, तीनदा नळाच्या पाण्याने, तीनदा शुद्ध पाण्याने. सहा पाणी. तिच्या हातांची कातडी त्याने पांढरी पडली होती. आणि साबण असता तर साध्या पाण्यातलेही मेले असते, एवढं शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. पण कुणी शाळेतल्या मुलाला विचारलं नाही. तक्रार बारगळली. साहेब मोठे साहेब झाले. नवरा चौदा महिन्यांनी गेला. शेवटच्या दिवसांत एकदा त्याने तिला विचारलं होतं, अगदी हळू, "खरंच राहिला होता का गं साबण?"

त्या प्रश्नासाठी बाईने साहेबांना कधीच माफ केलं नाही. नवरा मेला त्याला कारखाना जबाबदार होता; नवऱ्याला मरताना शंका आली, त्याला साहेब.

नाव मात्र कायमचं चिकटलं. शिपायापासून सगळे तिला साबणबाई म्हणत. समोर नुसतं बाई.

पाहुणे चहाला गेले तसे साहेब परत आले. "टाक्या रिकाम्या करा. मालकांना चकचकीत टाक्यांसमोर फोटो हवाय. अर्ध्या तासात."

चाचणी संपली की उरलेले मासे मारून टाकायचे, पाणी निळ्या पिंपात भरायचं आणि पिंप महिन्याने येणाऱ्या गाडीत चढवायचं, हा नियम. पिंप भरलेलं होतं. धातूचं पाणी मोरीत ओतणं बाईच्या हातून होणं शक्य नव्हतं. मागच्या पडवीत जुने सिमेंटचे चार हौद होते. तिने ते तसेच सहा पाण्यांनी धुतले होते, कारण रिकामं भांडं न धुता ठेवणं तिला जमत नसे. तिने टाक्या उचलल्या आणि त्या-त्या गटाचं पाणी, तळाचा पांढरा गाळ आणि मासे असं सगळं त्या-त्या हौदात ओतलं. साधं पहिल्यात, पावडरीचं दुसऱ्यात, कॅडमियमचं तिसऱ्यात, दोन्हींचं चौथ्यात. मग टाक्या घासूनपुसून समोर मांडल्या. फोटो छान आला.

तिसऱ्या हौदातले नऊ आठवडाभरात संपले. बाकीचे तीन हौद मजेत होते. मासे मारायची आठवण साहेबांना राहिली नाही आणि बाईनेही करून दिली नाही. ती त्यांना रोज चिमूटभर खाणं घालू लागली. चाचणीचे चार दिवस मासे उपाशी ठेवतात. भरल्या पोटाने पाणी घाण होतं आणि आकडे चुकतात. चाचणी संपल्यावर उपास कशाला, असं तिला वाटलं. बोटभर लांबीची ती पोरं खाण्यावर तुटून पडत. खाणं तळाशी बसे, मग ती तळ चोखत फिरत.

तीन आठवड्यांनी, बावीस तारखेला, चौथ्या हौदात तीन मासे उलटे तरंगत होते.

बाई उकिडवी बसली आणि बराच वेळ पाहत राहिली. पहिल्या हौदात तीस. दुसऱ्यात, नुसत्या पावडरीत, तीस. चौथ्यातले उरलेले सत्तावीस तळाशी एका कोपऱ्यात गोळा झाले होते आणि त्यांचे कल्ले राखेच्या रंगाचे दिसत होते. तिला काहीतरी जाणवलं. ते दुःख नव्हतं. अकरा वर्षं कुलूप लावून ठेवलेल्या कपाटाचं दार आपोआप किलकिलं व्हावं, तसं काहीतरी.

तिने नोंदवही आणली. पुठ्ठ्याची, पानांवर छापील आकडे असलेली. आपली सही केली आणि मशीनवालीला बोलावून तिची घेतली. मशीनवाली म्हणजे पाण्यातला धातू मोजायच्या यंत्रावर बसणारी, पस्तिशीची, तोंडाची फटकळ बाई.

"मावशी, हे अजून जिवंत ठेवलेत तुम्ही? साहेबांना कळलं तर तुम्हालाच हौदात घालतील."

"सही कर आधी. मग मला सांग, या पाण्यात धातू आहे का?"

मशीनवालीने पाणी नेलं आणि तासाभराने आली. "काही नाही. पिण्यासारखं आहे."

"मग मेले कशाने?"

"मला काय विचारता? साबणाने," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "सॉरी, मावशी. सवय लागलीय."

"तू पाणी मशीनला देतेस ते कसं देतेस?"

"कसं म्हणजे? गाळून. न गाळता पाजलं तर नळी तुंबते त्याची."

"आणि गाळणीवर जे राहतं ते कुठे मोजतेस?"

"ते कोण मोजतं?" असं म्हणता म्हणता मशीनवालीचा चेहरा बदलला. ती खुर्चीवर बसली. "अगं बाई."

तिने गाळणीच्या चकत्या आणि तळाचा गाळ आम्लात विरघळवला. मेलेल्या माशांची आतडी विरघळवली, कल्ले, काळीज. दोन दिवसांनी सगळा धातू सापडला. जितका पहिल्या दिवशी पाण्यात घातला होता तितका, एक कणही कुठे गेला नव्हता. फक्त पाण्यातून उठून पावडरीवर बसला होता, पावडरीवर बसून तळाला गेला होता, आणि तळावरून खाण्याबरोबर माशांच्या पोटात.

"मोकळा धातू आत शिरायला धडपडतो, थोडाच शिरतो," मशीनवाली म्हणाली. "आपण त्याला बसायला गाडी दिली, मावशी. थेट आतड्यापर्यंत. आणि चार दिवस उपाशी ठेवले म्हणून गाडी सुटलीच नाही."

एकोणतीस तारखेला चौथ्या हौदातला शेवटचा मासा गेला. बाईने लिहिलं: ठेवले तीस, उरले शून्य. हौद एक आणि दोन, ठेवले साठ, उरले साठ. चारही हौद एकाच दिवशी, एकाच पाण्याने, एकाच हाताने धुतले. हे शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. तिने ते दोनदा गिरवलं.

"चला साहेबांकडे," मशीनवाली म्हणाली.

"थांब."

"कशाला? सहा तारखेला ते ती पावडर तळ्यात ओतणार आहेत."

"आज नेलं तर काय करतील?" बाईने विचारलं. "दार लावून घेतील. हौद जुने होते म्हणतील, बाईने धुतले नव्हते म्हणतील. नोंदवही त्यांच्या कपाटात जाईल आणि चाचणी पुन्हा करू म्हणतील. ते कागदावरचे माणूस आहेत. त्यांना आधी मोठ्या कागदावर सही करू दे. सगळ्यांच्या देखत करू दे. मग."

"आणि तळं?"

"तळं आधीच नासलेलं आहे," बाई म्हणाली. "त्यात आणखी काय नासणार?"

मशीनवालीने वही मिटली. तिला घरी दोन मुलं होती आणि नोकरी कायम व्हायची होती. तिनेही तिच्यापुरता विचार केला.

तळ्याबद्दल बाई बोलली ते अर्धं खरं होतं. कारखान्याचा नाला ज्या तळ्याला मिळे, ते तळं बाईच्या धाकट्या दिराने मासे पाळायला घेतलं होतं. दोन वर्षं त्याला तिथे मासे सोडायला बंदी होती, कारण पाण्यात धातू होता. तो तेव्हापासून कुणाच्या तरी ट्रकवर क्लीनर म्हणून जात होता आणि दर रविवारी तळ्याकाठी जाऊन नुसता बसून येत होता. नवरा गेल्यावर सगळे नातेवाईक एकदाच भेटून गेले होते. दीर तेवढा येत राहिला. गळकं छप्पर त्याने बसवून दिलं, मुलीच्या लग्नात मुलीचा मामा नव्हता तिथे तोच उभा राहिला. येताना हातात काहीतरी असे, आणि ते नेहमी एकाच झाकणाच्या पितळी डब्यात असे. डबा रिकामा करून तो लगेच परत मागे. "वहिनी, डबा द्या, नाहीतर घरात घेणार नाही बायको."

दोन तारखेला तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. ट्रकवरचा सदरा बदलून आला होता.

"वहिनी, एक विचारायचं होतं. तुमच्या साहेबांची ती पावडर सहा तारखेला आमच्या तळ्यात टाकतायत. पाणी पास झालं की बंदी उठवणार म्हणे. मी पिल्लं सांगून ठेवू का?"

बाईने त्याच्याकडे पाहिलं. तो हसतो तेव्हा नवऱ्यासारखा दिसत असे, एवढंच तिच्या मनात आलं. नको सांगू, म्हणायला दोन शब्द लागले असते. ते ऐकून त्याने कार्यालयात जाऊन हरकत घेतली असती. पावडर तळ्यात पडली नसती, साहेबांची सही अर्ध्यावर थांबली असती, आणि एका अर्धवट सहीच्या आधारावर कुणाचंही नाक कापता येत नाही. बाईने हे सगळं मनात एका दमात मांडलं. चोवीस वर्षं आकडे मांडायची सवय होती.

"चाचणीत पास झालीय," ती म्हणाली. "तीसपैकी तीस जगले."

"तुम्ही स्वतः मोजलेत?"

"मी स्वतः मोजले."

"मग झालं तर," दीर म्हणाला. "साहेबांचं कोण धरतो? तुम्ही मोजलेत ना."

तो सायकलवर टांग टाकून गेला. बाई आत आली आणि एक धुतलेली टाकी तिने पुन्हा धुतली.

सहा तारखेला पावडर तळ्यात पडली. साहेबांनी स्वतःच्या हाताने पहिली पिशवी फोडली, पाटीवर त्यांचं नाव कारखान्याच्या नावाच्या वर आलं, आणि तीन आठवड्यांनी तळ्याचं पाणी गाळून मशीनला पाजलं तेव्हा ते पिण्यासारखं निघालं. बंदी उठली. दिराने नऊ हजार चारशे पिल्लं सोडली आणि ट्रकची नोकरी सोडली.

बाई वाट बघत राहिली. वाट बघणं तिला कठीण नव्हतं. तिचं कामच ते होतं. मधूनच तिला वाटे की तळं मोठं आहे, पावडर विरून जाईल, मासे जगतील आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. असं वाटलं की तिला बरं वाटे, आणि लगेच राग येई, कारण मग साहेबही वाचले असते.

अडीच महिन्यांनी एका सकाळी दीर डबा घेऊन आला.

"पहिला मासा," तो म्हणाला. "पहिल्या जाळ्यातला, तुमच्या वाट्याचा. जरा सुस्त आहेत, खाणं टाकतायत दोन दिवस, पण वजन बघा. काल त्यातलाच एक घरी केला, पोरांनी ताटं चाटली."

"खाल्लात?" बाईने विचारलं.

"मग काय पूजा करायची? का?"

"परत खाऊ नका," ती म्हणाली. "मी तपासून सांगते. तोवर एकही खाऊ नका, विकूही नका."

"वहिनी, काय झालंय?"

"तपासून सांगते म्हटलं ना."

डब्यातला मासा तिने मशीनवालीच्या टेबलावर ठेवला. कल्ले राखेच्या रंगाचे होते. संध्याकाळी मशीनवालीने आकडा लिहिला, खाण्याच्या मर्यादेच्या सोळापट. "एका जेवणाने काही होत नाही, मावशी," ती म्हणाली. "महिनोन् महिने खाल्लं तर होतं." बाईने मान हलवली. हे तिला माहीत होतं. तिने एका माणसाला महिनोन् महिने बघितलं होतं.

त्या आठवड्यात तळं पांढरं झालं. मासे पोटं वर करून काठाला लागले. बाई गेली आणि दुसरं काही सुचेना म्हणून मोजू लागली. दीर फावड्याने ओढून खड्ड्यात टाकत होता, ती मोजत होती. चार हजारांपर्यंत तिने मोजले. मग अंधारायला लागलं आणि दीर म्हणाला, "राहू द्या वहिनी, सगळेच आहेत."

दुसऱ्या दिवशी नोंदवहीच्या पानांच्या प्रती, मशीनचे आकडे आणि अकरा वर्षांपूर्वीच्या जुन्या वहीचं पान एकशे बारा असं सगळं एका पाकिटात घालून तिने वरच्या कार्यालयाला पाठवलं. पुढच्या महिन्यात चौकशी बसली. लांब टेबल, त्याच्या एका टोकाला चष्मा लावलेल्या चौकशी अधिकारी बाई, एका बाजूला साहेब आणि कारखान्याचे मालक, समोर तक्रारदार म्हणून दीर. साबणबाई दाराजवळच्या खुर्चीवर.

साहेबांनी चांगली तयारी केली होती. चाचणी नियमाप्रमाणे चार दिवसांची होती, नियम त्यांनी केले नव्हते, पाणी आजही शुद्ध आहे, हवं तर आत्ता गाळून बघा. हे सगळं खरंही होतं. नुसत्या खऱ्यावर राहिले असते तर कदाचित निभावलेही असते. पण माणूस एकदा ज्या दाराने सुटतो तेच दार त्याला पुन्हा आठवतं.

"हौदांचं म्हणाल तर," साहेब म्हणाले, "ते जुने आहेत. ते कसे धुतले होते कुणास ठाऊक. या बाईंच्या बाबतीत पूर्वीही असा प्रकार झालेला आहे. साबण राहिला होता."

बाई उठून उभी राहिली. हे वाक्य तिने अकरा वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, आणि आता ते बाहेर आलं तेव्हा तिचा आवाज टाकीपाशी आकडे सांगतानाचाच होता.

"साबण असता तर चारही हौदांत असता, साहेब. चारही मीच धुतले. साध्या पाण्यातले तीस अजून जिवंत आहेत, नुसत्या पावडरीतले तीस अजून जिवंत आहेत. चला, दाखवते. तेव्हाही साध्या पाण्यातले दहाच्या दहा जिवंत होते. पान एकशे बारा, खाली तुमचीच सही आहे. साबणाला कसं कळलं, कोणत्या टाकीतले मारायचे?"

कुणीतरी खुदकन हसलं. ते साहेबांना हसलं होतं. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. बाईला वाटलं होतं तसंच झालं होतं, अगदी मनात पाहिलं होतं तसं, फक्त मजा यायला हवी होती तेवढी येत नव्हती.

चौकशी अधिकारी बाईंनी नोंदवही जवळ ओढली आणि कारकुनाने लिहून घ्यावं म्हणून मोठ्याने वाचू लागल्या. "बावीस तारीख, हौद चार, मृत तीन. पंचवीस तारीख, मृत सोळा. एकोणतीस तारीख, ठेवले तीस, उरले शून्य. उत्तम नोंदी आहेत. खाडाखोड नाही."

समोर दिराने मान खाली घातली. त्याचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बाईने ते पाहिलं. तो मोजत होता.

बाहेर व्हरांड्यात तो तिच्यासाठी थांबला होता.

"वहिनी, एकोणतीस तारीख दोन तारखेच्या आधी येते ना?"

"येते."

"मी फाटकाशी आलो होतो. सदरा बदलून."

"आलात."

तो थोडा वेळ भिंतीवरच्या सूचना वाचत राहिला. बाई म्हणाली, "तेव्हा बोलले असते तर त्यांनी पुन्हा माझ्यावरच ढकललं असतं, भाऊजी. तुमच्या भावाचं—"

"त्यांना कुठे सांगायचं होतं," दीर म्हणाला. "मला सांगायचं होतं."

आवाज चढवला नाही त्याने. चपला घातल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, आणि वर न बघता म्हणाला, "दादाला आवडलं असतं की नाही, मला काही समजत नाही." मग उरलेला जिना उतरला.

अहवाल दोन महिन्यांनी आला. कार्यालयाने बाईला त्याची प्रत दिली. चौथ्या पानावर, सातव्या ओळीत ते वाक्य होतं. टाक्या स्वच्छ होत्या. पुढे कंसात: आताच्या आणि पूर्वीच्याही. बाईने घरी आल्यावर नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून ते एकदा वाचलं. मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं, पण घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि रिकाम्या खोलीत आवाज विचित्र वाटेल असं तिला वाटलं.

आता कोणाला किती भरावं लागलं, ते बघायचं तर असं. साहेबांना निवृत्तीच्या चार महिने आधी घरी बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही, दालनाला नाव लागलं नाही. सकाळी ते बागेत फिरताना दिसतात आणि तब्येत चांगली आहे. मालकांनी पाटी काढली, नाला तळ्याऐवजी दुसरीकडे वळवला, कुठे ते अजून कुणी तपासलेलं नाही. मशीनवाली कायम झाली. ती आता पाणी गाळून मोजते आणि गाळणीही मोजते, आणि बाईला साबणबाई म्हणत नाही. कुणीच म्हणत नाही. चौथ्या हौदातले तीस. तळ्यातले नऊ हजार चारशे. दिराने तळं सोडलं आणि पुन्हा ट्रकवर गेला, लांबच्या फेऱ्या घेतो. छप्पर पावसाळ्याआधी पुन्हा गळायला लागलं तेव्हा बाईने पैसे देऊन माणूस बोलावला.

पितळी डबा प्रयोगशाळेतच राहिला होता, पहिल्या माशाचा. पितळेला टाक्यांचं जहाल आम्ल चालत नाही, म्हणून बाईने तो चिंच लावून घासला आणि सहा पाण्यांनी धुतला. झाकण लावून पडवीच्या खिडकीत ठेवला, फाटकातून आत येणाऱ्याला दिसेल असा. दर सोमवारी ती तो उतरवते, धुते आणि परत ठेवते. डबा मागायला अजून कुणी आलेलं नाही.